डाळिंब चाखलं आणि गाल लाल झाला

नमस्कार, श्रोतेहो.

बाळाचं उष्टावण झालं की सगळ्या घराचं लक्ष त्याच्या तोंडाकडे लागतं. अशात सांगोल्याच्या डाळिंबाचा चमचाभर रस दिला आणि बघता बघता गाल लालबुंद झाला, तर आईचा जीव खालीवर होणारच. सात महिन्यांच्या अशाच एका बाळाला घेऊन आई आणि आज्जी माझ्याकडे आल्या होत्या. डाळिंब बाधलं म्हणून बंद केलेलं. मग मोसंबी बंद, टोमॅटोचं सार बंद, ताकही बंद. लेकरू नुसत्या मऊ भातावर आलेलं. आज्जी सहज बोलून गेल्या, "लाली दरवेळी तिथंच येते ओ, ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत. अन् अर्ध्या तासात जाते बी."

निदान आज्जींनीच केलं होतं! मी मोसंबीची फोड बाळाच्या जिभेला लावली. मिनिटभरात गालावर लाल पट्टा उमटला. बाळ मात्र मजेत माझा स्टेथोस्कोप ओढत होतं.

ही अ‍ॅलर्जी नव्हे. याला फ्रे सिंड्रोम म्हणतात. पोलंडच्या डॉ. लुत्सिया फ्रे यांनी १९२३ साली जबड्याजवळ गोळी लागलेल्या एका रुग्णात याचं कारण उलगडून दाखवलं. कानापुढच्या लाळग्रंथीकडे जाणाऱ्या नसेला इजा झाली, की भरून येताना तिचे काही तंतू वाट चुकतात आणि गालाच्या रक्तवाहिन्यांना जाऊन मिळतात. मग आंबट चाखलं की लाळेसोबत गालही फुलतो. लहान बाळांत बहुतेकदा चिमटा लावून झालेलं बाळंतपण याच्या मागे असतं, कधी कारण सापडतच नाही. औषध लागत नाही; मूल वाढतं तशी लाली बहुधा कमी होत जाते. म्हणून त्या माउलीला म्हटलं, फळं आजपासून सुरू करा. (वर्षाच्या आत रसापेक्षा फळ कुस्करून दिलेलं बरं.)

पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, उलट्या लागल्या, श्वासाला घरघर आली किंवा बाळ मलूल पडलं, तर ती अ‍ॅलर्जी असू शकते. तेव्हा घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा.

नुसता गालच लाल होत असेल, तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत लाली गेलेली असते. आणि डॉक्टरांना बाळंतपण कसं झालं तेही सांगा. गालाच्या तक्रारीत ते सांगायचं कुणाच्या मनातच येत नाही.