लंगडणारं बदक आणि घरचा दवाखाना

(कोकणातल्या एका गावच्या वाचनालयात एका पशुवैद्यक बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कोंबड्यांवर बोलायला बोलावलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं. कोंबडीतलं माझ्यापेक्षा जास्त कळणाऱ्या बायका इथे पहिल्याच रांगेत बसल्यात. बदकाचं निराळं आहे. पूर्वी आपल्याकडे बदकं असायची ती तळ्याकाठच्या नाहीतर खाडीकाठच्या घरांत. आता होम-स्टे झाले, फार्महाऊस झाली, पोरांनी हट्ट धरला म्हणून गच्चीवरसुद्धा बदकं आली. आणि मग दवाखान्यात फोन येऊ लागले, "मॅडम, बदक लंगडतंय, घरी काय करू?"

लंगडतंय म्हटल्यावर तळपायच बघायचा, असं नाही. करवंदीचा काटा असतो, मासेमारीचा गळ असतो, नायलॉनचा दोरा बोटाभोवती आवळून बोट काळं पडायला आलेलं असतं. मादी असेल आणि अंडं अडलं असेल तरी ती पाय ओढत चालते. त्यात वेळ घालवायचा नसतो, तसंच उचलून दवाखान्यात आणायचं. पिल्लांचं कारण पुष्कळदा खाद्यात असतं. बदकाच्या पिल्लाला नायसीन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, एक किलो खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम. नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर वाढवलेल्या पिल्लांचे पाय वाकतात, ती गुडघ्यात मोडल्यागत बसतात. त्यांच्या पायाला कितीही मलम लावा, उपयोग नाही. आणि एकाच वेळी चार-पाच बदकं लडखडायला लागली, मरायला लागली, तर घरगुती उपायांचा विषयच संपला. पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हाचं ज्यांना आठवतंय त्यांना वेगळं सांगायला नको.

हे सगळं बाजूला काढलं की उरतो तो तळपाय. बदकाचं पाऊल हातात घेऊन नीट पाहा. पुढे तीन बोटं, त्यांच्यामध्ये पातळ पडदा, मागे एक बारकं बोट, ते जमिनीला जेमतेम लागतं. तिन्ही बोटं जिथे एकत्र येतात तिथे खालून मऊ गादी असते. चालताना सगळा भार त्या गादीवर. खाकी कॅम्पबेल जातीची बदकी दोन किलोच्या आसपास भरते, पण पांढरं पेकिन जातीचं बदक साडेतीन-चार किलोंचं होतं. आणि पर्यटकांना फोटोला पांढरंच बदक लागतं! त्यात ते त्याला वेफर आणि पाव चारतात, वजन आणखी वाढतं. पाण्यात हा भार पाणी उचलतं. कोब्यावर, फरशीवर, जांभ्याच्या खरखरीत चिऱ्यावर, लोखंडी जाळीवर तो दिवसभर गादीवरच राहतो. गादीची कातडी झिजते, केसाएवढी चीर पडते आणि खालच्या ओल्या घाणीतले जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू असतो. तुमच्या-माझ्या कातडीवरही तो असतोच. मग गादी सुजते, मधे काळी खपली धरते. लोक म्हणतात, कुरूप झालंय. डॉक्टर त्याला बंबलफूट म्हणतात.

आता पकडायचं कसं. बदकाला पायाला धरून उचलू नका, कधीच नाही. कोंबडी धरायची सवय असते म्हणून लोक तसं करतात आणि बदकाचा सांधा निखळतो नाहीतर हाड मोडतं. दोन्ही पंख अंगाशी मिटवून, पोटाखालून हात घालून उचला आणि जुन्या टॉवेलात गुंडाळा. डोक्यावर टॉवेलाचं टोक टाकलं की अंधार होतो, ते शांत बसतं. छाती मात्र आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच श्वास चालतो. प्रेमाने घट्ट कवटाळलेलं बदक गुदमरू शकतं.

दोन्ही पाय शेजारी-शेजारी धरून तुलना करा. बदकाचा पाय एरवी गारच लागतो, तो आजार नव्हे. एक पाय गार आणि दुसरा गरम, एका गादीच्या रेषा स्पष्ट आणि दुसरीच्या सुजून सपाट झालेल्या, हे बघायचं. गादी नुसती लाल असेल, कातडी सोललेली असेल, पण आत गाठ लागत नसेल, तर ते तुमच्या हातातलं आहे. पडदा जरासा फाटला असेल तरीही बहुधा टाका लागत नाही, स्वच्छ ठेवला की भरून येतो. नख मोडून रक्त येत असेल तर स्वच्छ कपड्याने काही मिनिटं दाबून धरा. वरून कॉर्नफ्लोअर लावलं तरी चालतं. हळदीबद्दल विचारणार आहात, माहीत आहे मला. नखाला चिमूटभर लावलीत तर मी काही भांडायला येणार नाही. पण उघड्या जखमेत हळद ठासू नका, ती आत साकळून बसते आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. रॉकेल, गाडीचं जळकं ऑइल, गुरांच्या जखमेतल्या अळ्यांसाठी ठेवलेलं टर्पेंटाइन, यातलं काहीही बदकाच्या पायाला लावायचं नाही.

पाय धुवायला टबात कोमट पाणी घ्या. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) टाका आणि दहा-पंधरा मिनिटं बदकाला त्यात उभं करा. पाणी घोट्याच्या वर जाऊ देऊ नका आणि चोच बुडवू देऊ नका, कारण ते मीठ पोटात गेलं की हगवण लागते. मग नॉर्मल सलाईनच्या, म्हणजे औषधी मिठाच्या पाण्याच्या, बाटलीने जखम धुवा. बेटाडीन थेट बाटलीतून ओतू नका, कोऱ्या फिकट चहाचा रंग येईल इतकं पातळ करून घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं म्हणून लोकांना आवडतं, पण ते भरत आलेलं नवं मांसही जाळतं. मलम घेताना वेष्टन वाचा. बधिर करणारं बेंझोकेन किंवा लिग्नोकेन असलेलं मलम पक्ष्यांना घातक ठरू शकतं. मलमाचा थर पातळ द्या, पिसांना माखलं की पिसं पाणी धरू लागतात.

वर गॉजची घडी, त्यावर स्वतःलाच चिकटणारी पट्टी, ती बोटांच्या मधून आठच्या आकड्यात फिरवायची. कातडीला चिकटणारा टेप लावू नका, काढताना पडदा सोलवटतो. पट्टी बांधल्यावर तासाभराने बोटं पाहा. सुजली किंवा काळपट झाली तर सोडून सैल बांधा. पट्टी रोज बदला, आणि ओली झाली की लगेच. ओल्या पट्टीपेक्षा उघडी जखम बरी.

पण बदकाला पाण्यावाचून ठेवणार कसं? तळं बंद, चिखल बंद. प्यायचं भांडं मात्र इतकं खोल हवं की पूर्ण चोच नाकपुड्यांसकट बुडेल, नाहीतर नाकपुड्या चोंदतात आणि डोळे चिकटतात. पट्टी बदलायच्या आधी दिवसातून एक-दोनदा स्वच्छ पाण्याच्या टबात थोडा वेळ पोहू द्या. पायावरचा भार जातो, पिसंही ते नीट करून घेतं. मग पाय टिपून कोरडा करा आणि नवी पट्टी बांधा. आजारी बदकाला एकटं कोंडू नका, जाळीपलीकडे का होईना, जोडीदार दिसत राहू दे. बदक एकटं पडलं की खाणं सोडतं आणि तुम्हाला वाटतं पाय बिघडला. तुमचे हातही प्रत्येक वेळी साबणाने धुवा, आणि हे सगळं स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये करू नका.

आता खपली. एका होम-स्टेवाल्या भाऊंनी पेकिन आणलं होतं. गादीच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढी काळी, कडक खपली, भोवती फुगीर कडा, आणि खपलीला सुईची भोकं. "पू काढायचा प्रयत्न केला मॅडम, काही येतच नाही." येणारच नाही! आपल्या गळवातला पू पातळ होतो कारण आपल्या पांढऱ्या पेशींतली रसायनं मेलेलं मांस विरघळवतात. पक्ष्यांच्या त्या जागी असलेल्या पेशींमध्ये त्यातलं एक महत्त्वाचं रसायन नसतंच. म्हणून पक्ष्याचा पू वाहत नाही, आत घट्ट, पिवळट, चुरा होणारा गोळा धरतो. दाबलंत की तो आणखी खोल सरकतो. सुई टोचलीत की नवे जंतू आत. त्या बदकाला बधिर करून मी तो गोळा काढला, तेव्हा त्याच्या अगदी खाली बोटं हलवणारी कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, चकचकत होती. पाव इंच खोल कोणी पाती घातली असती तर ते बोट कायमचं गेलं असतं.

मोबाईलवर व्हिडिओ असतात, माहीत आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बदक उताणं, हातात ब्लेड, शेवटी हसरा चेहरा. ज्यांच्या पक्ष्याचं जंतू हाडात जाऊन वाटोळं झालं ते व्हिडिओ टाकत नाहीत. बधिर न करता जिवंत पाय कापणं हे मला माणूस म्हणूनही पटत नाही. खपलीखाली गाठ हाताला लागली, घोट्याचा सांधा सुजला, बदक दिवसभर बसून राहिलं, खाणं सोडलं, किंवा तीन-चार दिवस नीट केल्यावरही सूज उतरली नाही, तर जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या नंबरावर फोन करा नाहीतर जवळच्या दवाखान्यात या. हाडाचा एक्स-रे लागू शकतो. आणि बरं व्हायला आठवडे लागतात, कधी महिनेही, ते आधीच मनाशी धरा.

औषधांचं थोडक्यात सांगते. घरातली दुखण्याची गोळी बदकाला चुरून देऊ नका. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या औषधामुळे, ती मेलेली गुरं खाऊन, या देशातली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली आणि २००६ साली ते जनावरांसाठी बंद करावं लागलं. पक्ष्याच्या शरीरात ते कसं चालतं हे तिथे दिसलंच. दुखण्यावर पक्ष्यांना मेलॉक्सिकॅम देतात, पण मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनाच ठरवू दे. अँटिबायोटिकही शेजाऱ्याकडून उरलेलं आणू नका. अर्धवट दिलेल्या औषधाने जंतू मरत नाही, सरावतो. आणि गोळा आत तसाच असेल तर रक्तातून जाणारं औषध त्याच्या मधोमध पोहोचतही नाही.

माझं सगळ्यात जास्त भांडण होतं ते जमिनीवरून. पायाला रोज पट्टी आणि पट्टी सुटली की पुन्हा त्याच कोब्यावर, मग दुसरा पायही जातो, कारण दुखऱ्या पायाचा भार तो घेत असतो. बदकाच्या खोपीत बोटभर जाडीचं नव्हे, चांगलं वीतभर भाताचं तूस किंवा पेंढा घाला. ओला भाग रोज काढा. पाण्याचं भांडं खोपीच्या बाहेर, खाली जाळी-खड्डा करून ठेवा, सगळी ओल तिथूनच येते. पावसाळ्यात पागोळीखालचा पट्टा अडवा. उंच पायरी असेल तर उतार करून द्या; जड बदकाने दोन फुटांवरून रोज उडी मारली की गादी ठेचतेच. शेणाने सारवलेलं अंगण कोरडं असेल तर कोब्यापेक्षा शतपटीने बरं.

खाण्यात नुसता भात आणि कोंडा नको. अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी कमजोर होते. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर, अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं), जे परसात असेल ते चिरून द्या. जाड झालेल्या पेकिनला दाणे मोजून द्या, पण एकदम उपाशी ठेवू नका.

शेवटचं, अंड्यांचं. औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस त्या बदकाची अंडी खायची नाहीत, गिऱ्हाइकाला द्यायची नाहीत, होम-स्टेच्या नाश्त्याला तर नाहीच. किती दिवस ते औषधागणिक बदलतं, म्हणून चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. बदकाच्या पायात रंगीत कडं घाला, म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत जायच्या आधी त्या बदकाची ओळखता येतील. कडं चांगल्या पायात घाला, आणि सैल.