भाऊंचा निरोप

नमस्कार श्रोतेहो.

येत्या रविवारची उपासना आटोपली की आमच्या चर्चमध्ये एक निरोपसमारंभ आहे. तीसहून अधिक वर्षं ऑफिस सांभाळलेले आमचे क्लार्क निवृत्त होत आहेत. रेडिओवर आपलं नाव घेऊ नका, असं त्यांनी मला बजावलंय. मंडळीत लहानथोर सगळे त्यांना भाऊच म्हणतात, तेव्हा मीही भाऊच म्हणते.

नेमणूक क्लार्कची. पण चाव्या भाऊंकडे, घंटा भाऊंकडे आणि नागपूरचा मे महिना लागला की शनिवारी संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरून ठेवायचं कामही भाऊंचंच. पाळकसाहेबांची काही वर्षांनी बदली होते, कमिट्या निवडून येतात नि जातात. अशा वेळी कुणाच्या घरी आजारपण आहे, कोणत्या कुटुंबाला हाक न मारता मदत पोचवायची, हे नव्या पाळकांना पहिल्या आठवड्यात सांगणारा माणूस एकच असतो.

चर्चच्या ऑफिसात नेमकं काय काम चालतं, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. मोठं काम असतं रजिस्टरांचं. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन, तिन्हींची वेगळी. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला 1969 साली. त्याआधी जन्मलेल्या कितीतरी ख्रिस्ती माणसांकडे जन्मतारखेचा कागद म्हणजे बाप्तिस्म्याची नोंद. पुढच्याच वर्षी, 29 नोव्हेंबर 1970 ला, सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेही आपल्या या नागपुरातच. त्यामुळे आमच्या कपाटात जुन्या वह्यांवर एक नाव आहे आणि नव्या वह्यांवर दुसरं. कोणती नोंद कुठल्या वहीत सापडेल, हे भाऊंना न शोधता सांगता येतं.

गेल्या उन्हाळ्यात चंद्रपूरहून एक आजोबा आले होते. पासपोर्टसाठी दाखला हवा होता. सांगितलेल्या सालात त्यांचं नाव काही मिळेना. भाऊंनी विचारलं, "काका, घरी काय म्हणत होते तुम्हाले?" आजोबांनी घरचं नाव सांगितलं. मग भाऊंनी लाल बासनातून दुसरी वही काढली. त्या वहीची पानं कडेला तपकिरी झाली आहेत, दुमडली तर तुटतात. भाऊ ओळीवर बोट टेकवत नाहीत, ओळीखाली कागदाची पट्टी धरून ती हळूहळू खाली सरकवतात. चौथ्या की पाचव्या पानावर पट्टी थांबली. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, पण गाव तेच, आईचं नाव तेच. आजोबा आईच्या नावाकडे बराच वेळ बघत बसले. भाऊंनी दाखला लिहिला, आधी स्वतः मोठ्याने वाचला, मग आजोबांकडून वाचून घेतला आणि त्यानंतरच पाळकसाहेबांच्या सहीला पाठवला.

लग्नाचं कामही असंच काटेकोर. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आहे 1872 चा. त्यातल्या नियमाप्रमाणे विवाहविधी सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत व्हावा लागतो. काही अपवाद आहेत, पण भाऊ अपवादावर विसंबत नाहीत. वरात सीताबर्डीच्या गर्दीत अडकली की नवरदेवाच्या मामांना पहिला फोन भाऊंचा जातो. नवरा-नवरी आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या झाल्याशिवाय ते कुणालाही जेवायला सोडत नाहीत.

आणि मयत झाली की घरच्यांना काही सुचत नसतं. पेटी करणाऱ्याला फोन, जरीपटक्याच्या कब्रस्थानात कबर खोदायचा निरोप, सगळं भाऊ बघतात. नागपूरच्या उन्हाळ्यात उशीर करून चालत नाही. माझे वडील गेले तेव्हा ते रात्री अकराला घरी आले, आईजवळ पाच मिनिटं बसले, आणि मग मला बाहेर बोलावून हळूच विचारलं, "ताई, पेटीची उंची किती सांगू?" तो प्रश्न इतक्या मायेनं विचारणारा दुसरा माणूस मला ठाऊक नाही.

आता जे बोलण्यासाठी आज इथे आले, ते बोलते. निरोपाच्या सभेत आमच्याकडे एक वचन हमखास वाचलं जातं, बायबलमधल्या 84 व्या स्तोत्रातलं. दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा माझ्या देवाच्या घरी द्वारपाळ होणं मला बरं, अशा अर्थाचं. सुंदर वचन आहे, भाऊंना शोभतंही. पण त्याच पवित्र शास्त्रात, लूकच्या दहाव्या अध्यायात, कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे असंही म्हटलंय. शाल-श्रीफळाच्या वेळी हे वचन सहसा कुणी वाचत नाही.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, सर्वसाधारण नियम असा : दहा किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे, पाच वर्षांची सलग नोकरी झालेल्याला, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. लहान चर्चमध्ये माणसं असतात दोन-तीन. कायदा तिथवर पोचत नाही. सेवा आहे, असं म्हणत पगार वर्षानुवर्षं तुटपुंजा राहतो, आणि माणूस साठीला रिकाम्या हातानं घरी जातो. मला हे मान्य नाही. सेवा त्यानं केली म्हणून त्याच्या घरचा किराणा स्वस्त मिळत नाही.

आमच्या कमिटीनं यंदा ठरवलं की कायद्याची सक्ती नसली तरी त्याच हिशेबानं भाऊंची रक्कम द्यायची. काही कुटुंबांनी वर्गणी काढली, काही पैसे सणाच्या खर्चातून वळवले. रविवारी शाल पांघरण्याआधी चेक त्यांच्या हाती दिला जाईल. नव्या क्लार्कबाई जुनी रजिस्टरं स्कॅन करायला बसतील तेव्हा भाऊ आठवड्यातून दोन दिवस येणार आहेत, आणि त्या दिवसांचा मेहनतानाही वेगळा ठरलाय. भाऊ आधी नाही म्हणाले. घरी गेले, वहिनींशी बोलले, आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणाले.

श्रोतेहो, तुमच्या चर्चमध्ये, देवळात, विहारात, दर्ग्यात असा एखादा भाऊ किंवा बाई असेलच. त्यांचा पगार किती आहे आणि निवृत्तीनंतर त्यांची काय सोय आहे, हे या महिन्याच्या सभेत विचारा. ते कामावर आहेत तोवरच विचारा.

नमस्कार.