लाल दिवा लागल्यावर गाडी किती जाते?

[दृश्य: डॅशबोर्ड. डिझेलचा काटा तळाला, लाल दिवा पेटलेला.]

भिवंडीहून माल भरलेला दहा चाकी ट्रक नाशिकच्या वाटेला लागलाय. शहापूर मागे पडतं आणि डिझेलचा दिवा लागतो. आता गाडी किती जाईल? "पन्नास किलोमीटर सहज," असं छातीठोकपणे सांगणारे हायवेवर पुष्कळ भेटतात. रस्ता सपाट असता तर त्यांचं म्हणणं खरंही ठरलं असतं. पण पुढे कसारा घाट आहे.

हिशेब टाकीपासून मांडू. समजा टाकी 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 50 उंच आहे. म्हणजे 360 लिटरची. तळाचं क्षेत्रफळ 7,200 चौरस सेंटिमीटर. पातळी एक सेंटिमीटर उतरली की 7.2 लिटर गेलं. आता डिझेल ओढणारा पाईप बघा. त्याचं तोंड तळाला टेकलेलं नसतं, मुद्दाम वर ठेवलेलं असतं, कारण तळाशी पाणी आणि कचरा साचतो. हे अंतर 3 सेंटिमीटर धरलं, तर 21.6 लिटर डिझेल टाकीत असूनही इंजिनाच्या कामाचं नाही.

[दृश्य: टाकीत बुडवलेली स्टीलची पट्टी. ओली खूण 5 सेंटिमीटरवर.]

पट्टीवर 5 सेंटिमीटर भरले. म्हणजे टाकीत 36 लिटर आहे. त्यातलं वापरता येईल असं 14.4 लिटर. भरलेल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज लिटरला 4 किलोमीटर धरलं तर जवळपास 58 किलोमीटर. "पन्नास सहज" हा आकडा येतो तो इथून, आणि सपाटीवर तो चुकीचा नाही.

आता हीच गाडी 6 टक्के चढावर न्या. दर 100 सेंटिमीटरला रस्ता 6 सेंटिमीटर वर जातो. टाकी चासीला लांबीने बसवलेली असते, त्यामुळे डिझेल मागच्या बाजूला सरकतं. पाईप टाकीच्या बरोबर मध्यावर असेल तर काही बिघडत नाही. पण तो मध्यापासून 40 सेंटिमीटर पुढे असेल, तर त्याच्यापाशी पातळी 2.4 सेंटिमीटरने उतरते. 5 मधून 2.4 गेले, उरले 2.6. पाईपचं तोंड 3 वर आहे. टाकीत 36 लिटर डिझेल, आणि इंजिन उपाशी! टाकीतले आडवे पडदे डिझेलची उसळी रोखतात, पण पातळीचा हा कल त्यांना रोखता येत नाही. पाईप मागच्या बाजूला असेल तर चढाला फायदा होतो, आणि तोच फायदा उतारावर अंगाशी येतो.

खपाचंही तसंच. कसारा ते इगतपुरी गाडी सुमारे 300 मीटर उंच चढते. 28 टनांचं वजन तेवढं वर न्यायला, इंजिनाची कार्यक्षमता लक्षात घेतली तर, नुसत्या उंचीपोटीच 6 लिटर लागतात. सपाटीवरचं 4 चं अ‍ॅव्हरेज घाटात दीडच्या आसपास येतं.

[आवाज: इंजिन अडखळतंय.]

हा आवाज ओळखायला शिका. पाईपने हवा ओढली की पिकअप तुटतो, गाडी झटके मारते, क्षणभर सावरते आणि पुन्हा बसते. त्या सावरण्याला भुलून पुढे रेटू नका. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, आणि हवेच्या टाकीत आधी जमलेल्या हवेवर मोजकेच ब्रेक मिळतात. पहिल्या झटक्यालाच डावीकडे सुरक्षित जागा धरा, हँडब्रेक लावा, चाकांना उटी (अडवणारे ठोकळे) लावा. त्रिकोण किमान 50 मीटर मागे, आणि वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे ठेवा.

मग कुणीतरी 5 लिटरचा कॅन घेऊन येतो. पाच लिटरने या टाकीत पातळी जेमतेम 7 मिलिमीटर वाढते. चढावर उभ्या गाडीला त्याचा फारसा उपयोग नाही. निदान 40 लिटर ओता.

गाडीने एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली असेल, तर ती काढावी लागते. जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनावर फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करा आणि हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे. सलग, स्वच्छ धार आली की ती वाहत असतानाच स्क्रू आवळा. नंतर पंपावरच्या स्क्रूलाही तेच करा. सेल्फ एका वेळी 15 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ मोटर तापून जाते.

कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे सगळ्या नॉझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा नव्या इंजिनावर, मात्र फक्त प्रायमर मारायचा. तो हाताला कडक लागला की सेल्फ. जुन्या गाडीच्या सवयीने नॉझलचा (इंजेक्टरचा) पाईप सैल करायला जाऊ नका. तिथे दाब 1,600 बारपर्यंत जातो, आणि ती धार कातडी भेदून डिझेल शरीरात घुसवते. जखम टाचणीएवढी दिसते, तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. शिवाय या पंपाला वंगण डिझेलचंच. कोरडा फिरला की आतले भाग घासतात, धातूचा कीस इंजेक्टरपर्यंत जातो, आणि खर्च पंपावर थांबत नाही.

दिवा लागलाच असेल तर वरच्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने चला. उतारावर न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की आजची इंजिनं डिझेल जवळपास तोडतातच. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगचा खप चालू राहतो, आणि इंजिनाचा ब्रेकही जातो.

[दृश्य: गॅरेज. टाकीतून उपसून काढलेला पाईप.]

टाकी साफ करायला उघडाल तेव्हा दोन मापं घ्या: पाईपचं तोंड तळापासून किती वर आहे, आणि टाकीच्या मध्यापासून किती पुढे किंवा मागे. घाटासाठीची पातळी त्यावरून काढा आणि स्टीलच्या पट्टीवर कानशीने खाच पाडा. या टाकीसाठी पाईपच्या तोंडाचे 3 आणि कलाचे 2.4 मिळून 5.4 होतात; घाटातल्या खपासाठी वर थोडं राखून खाच 8 सेंटिमीटरवर येते. पट्टी घालताना गाडी सपाट जागी उभी हवी.