हजारी

(दृश्य: मांडीवर सूप, हातात कातरी, पानांचा ढीग)

कर्नाटकातल्या निपाणीच्या या विडी कामगारांच्या गल्लीत सकाळ सुपावर उजाडते. तेंदूची पानं रात्रीच भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली. पानावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा, कातरीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू सारखी पसरायची, वळायचं, नखानं तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. २५ विड्यांचं बंडल. ४० बंडलं झाली की हजारी भरली. मजुरी हजारावर, तीही छाट, म्हणजे खराब ठरवलेल्या विड्या, काढून. नेमणुकीचं पत्र कुणाकडंच नाही, त्यामुळं काम गेलं तरी कागदावर काहीच गेलेलं दिसत नाही.

बोटांकडं लक्ष ठेवा. विड्या वळणाऱ्या या मावशी सुपाकडं बघतही नाहीत, सगळं बोटांच्या टोकांना कळतं.

(दृश्य: औषधांची पिशवी, फाईल)

मावशींना स्तनाचा कर्करोग. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली, तेव्हा केमो अर्ध्यावर होती. पान-तंबाखूचं वाटप थांबलं. १५ एप्रिलच्या केंद्राच्या सूचनांनी तंबाखूच्या विक्रीवरच बंदी आणली. घरातली एकुलती रोकड हजारीची, ती बंद. पुढं काम सुरू झालं, तोवर केमोतल्या पॅक्लिटॅक्सेल या औषधानं बोटं बधिर केली होती. या औषधानं अनेकांना असं होतं. पण ज्यांची भाकरी बोटांच्या टोकांवर आहे, त्यांना वेगळं विचारायला हवं, असं आम्हाला हे चित्रण करताना सारखं वाटत राहिलं.

(दृश्य: कोगनोळी नाका, गाड्यांची रांग)

कोल्हापूर इथून ४० किलोमीटरच्या आसपास. आजारपणात निपाणीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच जातात. मधे हा राज्याच्या सीमेवरचा नाका. टाळेबंदीत इथं पास लागत होता. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात यायला ७२ तासांच्या आतला कोरोनाचा आरटीपीसीआर अहवाल मागू लागले. रेशनकार्ड कर्नाटकाचं, म्हणून महाराष्ट्राची मोफत उपचारांची महात्मा फुले जनआरोग्य योजना मिळत नव्हती. ती ८६५ सीमागावांना लागू झाली २०२३ मध्ये. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्यानं कल्याण निधी उभा केला. विडीवरच्या ज्या उपकरातून तो भरायचा, तो उपकर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर रद्द झाला.

दोन डोस चुकले. डोरलं गहाण पडलं. थोरलीचं कॉलेज सुटलं.

(दृश्य: टेबलावर छापील कागद)

कर्करोगात माणूस कसा जगतोय हे मोजायला डॉक्टर एक प्रश्नावली वापरतात. ३० प्रश्न. झोप, भूक, वेदना, थकवा. २८ वा प्रश्न पैशाच्या ओढाताणीचा. त्यापुढं चार पर्याय, अजिबात नाही ते खूपच. मावशींनी पेन धाकटीच्या हातात दिलं आणि शेवटच्या चौकोनावर बोट टेकवलं.

(दृश्य: संध्याकाळ, उंबरा, मायलेकी)

आता दिवसाला तीनशे-चारशे विड्या होतात. वळतात मावशीच. दोऱ्याची गाठ बोटाला लागत नाही, ती धाकटी मारते.