रकाना कोणता भरायचा?

अमेरिकेत कॉलेजच्या अर्जात एक प्रश्न असतो: तुमचा वंश कोणता? उत्तर सक्तीचं नाही. दाखला लागत नाही, पडताळणी समितीकडे खेटे नाहीत. विद्यार्थी सांगेल तो त्याचा वंश.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांतली मुलं साधारणपणे ‘एशियन’च्या रकान्यात खूण करतात. पण भारतीय या रकान्यात आले उशिरा. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पंजाबातून गेलेल्या भगतसिंग थिंद यांना गोरं मानायला नकार दिला आणि त्यांचं नागरिकत्व नाकारलं. १९७०च्या जनगणनेत मात्र भारतीय गोऱ्यांतच मोजले गेले! मग तिथल्या भारतीय संघटनांनी पाठपुरावा केला. अल्पसंख्याकांच्या सवलती मिळाव्यात, हा त्यामागचा हिशेब. १९८०मध्ये ‘एशियन इंडियन’ ही वेगळी नोंद आली.

कॉलेजप्रवेशात तो हिशेब उलटला. १९७८ साली न्यायालयानं कॅलिफोर्नियातल्या एका वैद्यकीय कॉलेजच्या १०० पैकी १६ राखीव जागा रद्द केल्या. पण वंश हा ‘एक घटक’ म्हणून बघायला मुभा ठेवली. पुढची पंचेचाळीस वर्षं भांडण चाललं ते या घटकाचं वजन किती, यावर. हार्वर्डवरच्या खटल्यात उघड झालं की एशियन अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाचे गुण कमी पडत होते. रकाना कोराच ठेवा, असं सांगणारे सल्लागारही निघाले.

काहींना तर कुठलाच रकाना नीट बसत नाही. न्यूयॉर्कचे राजकारणी जोहरान ममदानी युगांडातल्या कंपालात जन्मले, आईवडील भारतीय वंशाचे. कोलंबिया विद्यापीठाच्या अर्जात त्यांनी ‘एशियन’ आणि ‘ब्लॅक ऑर आफ्रिकन अमेरिकन’ अशा दोन्ही खुणा केल्या. प्रवेश मिळाला नाही. २०२५च्या महापौरपदाच्या निवडणुकीत त्या खुणांवरून वाद मात्र पेटला. युगांडाच्या भारतीयानं करायचं तरी काय होतं?

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं वंश पाहून प्रवेश देणं बंद केलं. प्रश्न अर्जात राहिला, पण कॉलेजांना उत्तर झाकून ठेवायची सोय झाली. पुढच्या वर्षी एमआयटीच्या नव्या तुकडीत एशियन ४७ टक्क्यांवर गेले. कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्क्यांवरून ५वर आले.

एक वाट उरली. वंशामुळे आयुष्यात काय सोसलं, काय कमावलं, ते निबंधात लिहिता येईल, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालातच आहे. पूर्वी एका खुणेत आटपायचं, ते आता सतराव्या वर्षी ६५० शब्दांत पटवून द्यायचं. निबंधावर हात फिरवायला पगारी सल्लागार ठेवणाऱ्यांना ते जमेलही.