मालक पुण्याचे, क्लब ब्लॅकबर्नचा

(इवूड पार्क स्टेडियमचं जुनं चित्रण)

सोमवार, ७ मे २०१२. इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायरमधलं ब्लॅकबर्न. मैदान इवूड पार्क, समोर विगनचा संघ. आज हरलो तर प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या सर्वोच्च श्रेणीतून, खाली जायचं, हे स्टेडियममधल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. अशात मैदानावर एक कोंबडी धावताना दिसते. खरीखुरी, जिवंत. तिच्या अंगावर क्लबचा झेंडा गुंडाळलेला.

८७व्या मिनिटाला विगनचा आल्काराझ गोल करतो. सलग ११ हंगाम प्रीमियर लीगमध्ये टिकून राहिलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स त्या रात्री खाली घसरतो.

मैदानात कोंबडीच का सोडली, हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. या क्लबचे मालक आहेत कोंबड्या-अंड्यांच्या धंद्यातले पुण्याचे व्यंकीज.

(बंद पडलेली कापड गिरणी, धुराडं)

ब्लॅकबर्नचा आणि आपला संबंध त्याच्याही आधीचा आहे. हे गिरण्यांचं गाव. इथल्या मागांवर भारतात विकायची धोतरं विणली जायची. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली, तेव्हा त्या ज्वाळांत जळणारं कापड लँकेशायरसारख्या ठिकाणाहूनच आलेलं होतं. १९३१ मध्ये गांधीजी शेजारच्या डार्वेनला गेले आणि बहिष्कारामुळे बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटले. पुढे एकेक गिरणी बंद होत गेली. गावाकडे उरला तो फुटबॉल.

आणि तो साधासुधा नव्हे. १८७५ साली स्थापन झालेला हा क्लब. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हाच्या बारा संघांपैकी एक. एफए कप ही इंग्लंडमधली मानाची स्पर्धा सहा वेळा जिंकलेला.

(१९९५, अॅनफिल्ड)

याच गावात जॅक वॉकर वाढले. पोलादाच्या धंद्यात त्यांनी अमाप पैसा कमावला, धंदा ब्रिटिश स्टीलला विकला आणि १९९१ साली आपल्या लहानपणापासूनचा क्लब ताब्यात घेतला. केनी डॅलग्लिश यांना प्रशिक्षक म्हणून आणलं. आघाडीचा खेळाडू अॅलन शिअररसाठी ब्रिटनमधली त्या वेळची विक्रमी रक्कम मोजली. १४ मे १९९५ ला लिव्हरपूलच्या मैदानावर रोव्हर्स शेवटचा सामना हरले, पण तिकडे लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखलं आणि रोव्हर्स इंग्लंडचे विजेते झाले. ८१ वर्षांनी! चषक हातात धरलेल्या वॉकर यांचे डोळे त्या दिवशी भरून आले होते.

२००० साली वॉकर गेले. त्यांच्या विश्वस्त निधीने क्लब काही वर्षं सांभाळला, मग गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली.

(पुणे, अंड्यांचे ट्रे, पोल्ट्री शेड)

हे गिऱ्हाईक भेटलं पुण्यात. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा, म्हणजेच व्यंकीजचा, तोवर मोठा उद्योगसमूह झाला होता. भारतात अंडी आणि ब्रॉयलर कोंबडी सामान्य माणसाच्या ताटात आणण्यात या माणसाचा वाटा फार मोठा, आणि ते कर्तृत्व इंग्लंडमधल्या बातम्यांत क्वचितच सांगितलं गेलं. त्यांच्यामागे कन्या अनुराधा देसाई आणि मुलं व्यंकटेश व बालाजी राव यांनी कारभार हाती घेतला. १९ नोव्हेंबर २०१० रोजी या भावंडांनी रोव्हर्स विकत घेतला. किंमत २ कोटी ३० लाख पौंड, वर क्लबचं कर्ज. प्रीमियर लीगमधल्या क्लबचे पहिले भारतीय मालक! त्या आठवड्यात पुण्यात वाटलेला अभिमान खरा होता.

महिनाही झाला नव्हता. १३ डिसेंबरला अनुभवी प्रशिक्षक सॅम अॅलर्डाइस यांना काढलं. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता, म्हणजे आग लागली होती असं नाही. जबाबदारी आली स्टीव्ह कीन यांच्याकडे. मुख्य प्रशिक्षकपदाचा त्यांना अनुभवच नव्हता. जानेवारीत ब्राझीलचा प्रसिद्ध खेळाडू रोनाल्डिन्योला आणायचे प्रयत्न झाले, तो ब्राझीलला गेला. मग खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खाताना दिसतात अशी जाहिरात आली. गावाने ती पाहिली आणि गाव दुखावलं. दीड वर्षात ती कोंबडी मैदानावर आली.

त्यानंतरचा हंगाम तर सांगवत नाही. कीन गेले, हेनिंग बर्ग आले आणि ५७ दिवसांत गेले. मायकल अॅपलटन यांना ६७ दिवस मिळाले. ७ मे २०१७, बरोबर पाच वर्षांनी, ब्रेंटफर्डला हरवूनही गोलफरकाने संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या संघावर अशी वेळ त्याआधी कधी आली नव्हती.

(स्टेडियमबाहेर जॅक वॉकर यांचा पुतळा)

राव कुटुंबाला खलनायक ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. इंग्लंडमध्ये मालकांनी पाणी सोडलेले, दिवाळखोरीत निघालेले क्लब कितीतरी आहेत. या कुटुंबाने मात्र वर्षामागून वर्षं तोटा भरला. आजवर घातलेली रक्कम २० कोटी पौंडांच्या पुढे गेली आहे. टोनी मोब्रे यांच्या हाती संघ देऊन त्यांना वेळही दिला, आणि मोब्रे यांनी २०१८ मध्ये पहिल्याच प्रयत्नात संघ दुसऱ्या श्रेणीत परत आणला.

मग गाव अजून नाराज का? कारण पैसा येतो, माणसं येत नाहीत. कुणी म्हणेल, वॉकर तरी कुठे ब्लॅकबर्नमध्ये राहत होते? त्यांचं घर जर्सी बेटावर होतं. पण सामन्याला ते यायचे, लोकांना दिसायचे. राव भावंडं इवूड पार्कवर फार क्वचित दिसली. हरल्यावर ज्याच्याकडे बघून ओरडावं, असा माणूस त्या खुर्चीत नसतो. घरच्या दुखण्यात मनीऑर्डर येत राहावी आणि मुलगा येऊ नये, तशी ही गत आहे.

आणि मालक दूर असला की त्याच्या दारची वादळंही दूर पोहोचतात. परकीय चलन कायद्याखाली ईडीची चौकशी सुरू झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ पासून क्लबला पैसे पाठवायला न्यायालयाची परवानगी लागू लागली, वर तेवढ्याच रकमेची बँक हमी. चौकशी म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे. पण पैशांची वाट अडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अॅडम व्हार्टनला क्रिस्टल पॅलेसने नेलं. ब्लॅकबर्नमध्ये जन्मलेला, याच क्लबच्या अकादमीत घडलेला १९ वर्षांचा मुलगा. चारच महिन्यांत तो इंग्लंडकडून खेळला.

(शनिवार दुपार, स्टेडियमकडे निघालेली माणसं)

हिवाळ्यातला शनिवार. दुपारी ३ ला सामना सुरू होतो. ३१ हजारांच्या स्टेडियममध्ये खुर्च्या बऱ्याच रिकाम्या आहेत. वडील मुलाचा हात धरून वॉकर यांच्या पुतळ्यासमोरून आत जातात, दोघांच्या गळ्यात निळे-पांढरे मफलर. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात.