डीप पर्पल ऐका, पण कान ऑर्गनकडे ठेवून

नमस्कार मंडळी. गिटार हातात घेतलेलं कुठलंही पोर पहिल्या आठवड्यात एक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, शिकतं. 'स्मोक ऑन द वॉटर'. तुमच्या बिल्डिंगमध्येही कुणीतरी ती शंभरदा वाजवली असेल. म्हणून डीप पर्पल म्हटलं की आपल्याला आधी रिची ब्लॅकमोरची गिटार आठवते. गेला महिनाभर मी या इंग्लिश बँडचे अल्बम १९६८पासून ओळीनं पुन्हा ऐकले आणि माझं मत पार बदललं. या बँडचा कणा ऑर्गन आहे. जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन.

ऑर्गन म्हटल्यावर नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांच्या कानात पायपेटीचा भरदार सूर घुमला असेल. ती भात्याच्या हवेवर चालते. हॅमंड चालतो विजेवर. आत धातूची दातेरी चाकं चुंबकांसमोर फिरतात आणि त्यातून सूर तयार होतो. हा ऑर्गन बहुतेक जण लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून वाजवायचे. लॉर्डनं तो गिटारवाल्यांच्या मार्शल अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला, जोडला. आवाज खरखरीत झाला, फाटला, गिटारला थेट भिडायला लागला.

पहिले तीन अल्बम भरभर ऐकलेत तरी चालेल. 'हश' मात्र सोडू नका. ते गाणं मूळ जो साउथचं, पण त्यात मधे लॉर्ड जो सुटतो, तिथेच पुढचा बँड दिसतो.

मग २४ सप्टेंबर १९६९. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, माल्कम अरनॉल्ड कंडक्टर आणि शेजारी हा रॉक बँड. त्या रात्री वाजलेला 'कॉन्चेर्तो', म्हणजे बँड आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, लॉर्डनं लिहिला होता. गायक इयन गिलन आणि बेसवाला रॉजर ग्लोवर हे दोघं त्याच उन्हाळ्यात बँडमध्ये आले होते. प्रयोग सगळीकडे जमलेला नाही, ऑर्केस्ट्रा आणि बँड बराच वेळ आळीपाळीनंच बोलतात. पण पुढची गोष्ट मला फार भिडते. त्या रचनेची हस्तलिखित स्वरलिपी हरवली. अनेक वर्षांनी मार्को दे खुय नावाच्या डच संगीतकारानं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकून आणि व्हिडिओ पाहून ती नव्यानं लिहून काढली. १९९९ साली त्याच हॉलमध्ये ती पुन्हा वाजली. एवढ्या साऱ्या वाद्यांचे सूर नुसत्या कानांनी वेगळे काढायचे म्हणजे काय जिद्द असेल, विचार करा.

१९७०चा 'इन रॉक'. ब्लॅकमोरला आता ऑर्केस्ट्रा नको होता, दणदणीत रॉक हवा होता. तो मिळाला. तरीही अल्बमचा आत्मा 'चाइल्ड इन टाइम'मध्ये आहे आणि त्याची सुरुवात ऑर्गनच करतो, अगदी हळुवार. ही सुरावट आली कुठून? 'इट्स अ ब्युटिफुल डे' या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडच्या एका रचनेवरून. तिचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'! दोन्ही एकापाठोपाठ लावून बघा, लगेच कळेल. माझ्या मते हाच त्यांचा सर्वोत्तम अल्बम. १९७१चा 'फायरबॉल' त्याच्या सावलीत राहिला, हा अन्याय आहे.

आता 'मशीन हेड'. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. जिथे रेकॉर्डिंग करायचं, त्या कसिनोमध्ये आदल्या दिवशी अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झाप्पाचा कार्यक्रम होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन (पेटता इशारा सोडणारी बंदूक) उडवली आणि कसिनो जळून खाक झाला. जिनिव्हा सरोवरावर पसरलेला धूर बँडनं हॉटेलातून पाहिला, 'स्मोक ऑन द वॉटर' आलं ते त्यावरूनच. पुढची जागा शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे सोडावी लागली. शेवटी हिवाळ्यात बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून, बाहेर रोलिंग स्टोन्सची रेकॉर्डिंगची गाडी उभी करून काम झालं.

त्या प्रसिद्ध रिफकडे नीट कान द्या. आधी एकटी गिटार. मग ड्रमर इयन पेसचा हाय-हॅट (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी), आणि ऑर्गन तीच रिफ गिटारला चिकटून वाजवायला लागतो. मग ड्रम, मग बेस. आपण जो आवाज 'गिटारचा' म्हणून गुणगुणतो, त्यातला अर्धा वजनदार भाग लॉर्डचा आहे! घरी नुसत्या गिटारवर ती रिफ पोकळ का वाटते, याचं उत्तर इथे आहे. आणि 'लेझी'चा पहिला मिनिट हेडफोन लावून ऐका, तिथे हॅमंड अक्षरशः गुरगुरतो.

'मेड इन जपान' तर घ्याच, ऑगस्ट १९७२च्या कार्यक्रमांचं ते रेकॉर्डिंग आहे. १९७३चा अल्बम थकलेला आहे. गिलन आणि ग्लोवर गेले, डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले. 'बर्न'मध्ये पुन्हा धग आहे, पुढच्या 'स्टॉर्मब्रिंगर'मध्ये सोल आणि फंक हे कृष्णवर्णीय अमेरिकन संगीताचे ढंग वाढले. ब्लॅकमोरनं बँड सोडला, टॉमी बोलिन आला आणि १९७६मध्ये बँड फुटला.

१९८४मध्ये जुने पाचही जण पुन्हा जमले. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'चं शीर्षकगीत उघडतं ते कशानं? लॉर्डच्या ऑर्गननं. सुरुवातीचे ते लांब, जड सूर ऐकले की अंगावर काटा येतो. १९९६च्या 'परपेंडिक्युलर'मध्ये ब्लॅकमोर नाही, स्टीव्ह मोर्स आहे, तरी बँड ताजा वाटतो. गिटारवाला बदलला, पण ऑर्गन जागेवर होता.

लॉर्ड २००२मध्ये बँडमधून बाहेर पडला. त्याची जागा घेतली डॉन एअरीनं. जुलै २०१२मध्ये लॉर्ड गेला. पुढच्या वर्षीचा 'नाऊ व्हॉट?!' बँडनं त्याला अर्पण केला. त्यातलं 'अनकॉमन मॅन' आज रात्री दिवे मालवून ऐका, सुरुवात लांबलचक आहे, पुढे ढकलू नका.